स्टिल

लढाईचे दिवस होते. शेवगावच्या शाळेत मी मास्तर होतो आणि चार बुकं इंग्रजी शिकल्याचा मला भारी माज होता. बायको अडली तेव्हा तिला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. ओसरीवर बसलेल्या मला आणि सासूला आतून तिचा आक्रोश ऐकू येत होता. मग तो थांबला.

नवी गोरी नर्स बाहेर आली. तिला मराठी येत नव्हती. माझ्याकडे बघत ती हळूच एवढंच म्हणाली, “स्टिल बॉर्न.”

सासूनं माझी बाही धरली. “अवो मास्तर, काय म्हनली मडम?”

स्टिल म्हणजे तरीही, बॉर्न म्हणजे जन्मलेलं. वर्गात मीच तर हे घोकून घेत असे!

“जन्मलं!” मी ओरडलो. “एवढं अडलं, तरी जन्मलं!”

सासूनं कनवटीचा गूळ काढला आणि ओसरीवरच्या अनोळखी बायकांना वाटत सुटली. एक खडा तिनं नर्सच्या हातावरही ठेवला. नर्सला रडू फुटलं. मला वाटलं, आनंदानंच.

मग तिनं कापडात गुंडाळलेलं बाळ आणून माझ्या हातांवर ठेवलं. ते हललं नाही. स्टिल म्हणजे निश्चलसुद्धा, हे तेव्हा कळलं. एका शब्दाला एक अर्थ पुरत नाही मेल्या त्या भाषेला!

सासू मात्र हसतच पुढं आली आणि गुळाचं बोट बाळाच्या ओठांना लावायला वाकली. तिला थांबवायला मला शब्द सापडेना. मराठीतलासुद्धा नाही.