चपलांची राखण

जयवंतीला जाऊन आता पाच आठवडे झाले. सकाळी साडेसातला तिच्या मुलीचा, प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. "सुमनमावशी, आई गेली," एवढंच ती आधी म्हणाली. मग रडणं आवरत म्हणाली, "समुद्रावर चालायला गेली होती गं... चालता चालताच गेली." मी गॅस बंद केला. खरं सांगायचं तर दुःखाच्याही आधी माझ्या मनात एक भलताच विचार आला आणि त्याची लाज मला अजून वाटते. मला वाटलं, या पोरीला कोणी सांगावं की तिची आई चालत नव्हतीच. तिच्या गावी, राजोडीला, सुरूच्या बनात शिरताना जो पहिला सिमेंटचा बाक आहे, त्यावर अर्धा तास बसायचं आणि घरी येऊन "चालून आले" म्हणून सांगायचं, हा जयवंतीचा वर्षभराचा नेम. ही गोष्ट आम्हा दोघींनाच ठाऊक होती.

आमची मैत्री पाचवीपासूनची. माझे वडील नोकरीमुळे साताऱ्याकडून इकडे आलेले, आम्ही वसईत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचो. ती राजोडीहून चालत शाळेत यायची. तिची आई मासळीची पाटी घेऊन वसईच्या बाजारात बसायची आणि रविवारी ती पाटी जयवंतीच्या डोक्यावर असायची. भरलेली पाटी घेऊन ती अशी सरळ चालायची की मी नुसती वही-दप्तर घेऊन मागे पडायचे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळ्या शाळेने तिच्यावर 'सुस्त' असा शिक्का मारला.

सातवीत ती अंगाने एकदम भरली. वर्गातल्या आम्ही बाकीच्या मुली तेव्हा काटक्या होतो. शनिवारी सकाळी पीटीचा तास, पांढरा गणवेश, पायांत काही नाही. चपला मैदानाच्या कडेला चिंचेखाली काढायच्या आणि ओळीत उभं राहायचं. पीटीचे सर वाईट माणूस नव्हते, हेही सांगायला हवं. उन्हातान्हात आमच्यासोबत उभे राहायचे, कधी कोणावर हात उगारला नाही. त्यांना फक्त ओळ सरळ लागायची आणि आकड्यावर सगळे हात एकदम वर गेलेले लागायचे. एका शनिवारी जयवंतीचे हात वर असताना पाय जुळलेले होते आणि पाय फाकले तेव्हा हात खाली. सरांनी तिला पुढे बोलावलं. "एकटी करून दाखव. एक, दोन, तीन, चार." ती उडी मारू लागली. गणवेश गेल्या वर्षीचा, सगळीकडे आवळलेला. सर म्हणाले, "जरा हळू, बाई. मैदानाला खड्डा पडायचा." सगळा वर्ग हसला. मुलगे हसले, मुली हसल्या... आणि पहिल्या ओळीत उभी असलेली मीही हसले. जोरात हसले. सर मात्र मोजत राहिले, तिचं बरोबर येईपर्यंत. ते काही लवकर येईना.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती माझ्याशेजारी येऊन बसली. "सुमे, तुजं अक्षर मोठ्या मानसासारखं हाय. मला एक चिठ्ठी लिवून दे." मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं : माझ्या मुलीच्या पोटात दुखत असल्यामुळे तिला शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट मिळावी, ही विनंती. खाली सही कोणाची करायची, हा प्रश्न आला. तिच्या आईला लिहिता येत नव्हतं, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ती अंगठा द्यायची. जयवंतीने माझ्या पेनातली शाई स्वतःच्या अंगठ्याला चोळली आणि कागदावर दाबली. मजकूर माझा, अंगठा तिचा. दहावी संपेपर्यंत दर शनिवारी हा उद्योग चालला. पोटदुखी, पाय मुरगळणं, ताप, घरी पूजा, सगळी कारणं मी वापरली. मला वाटायचं, मी मैत्रिणीला वाचवतेय. खरं म्हणजे त्या हसण्याची मी परतफेड करत होते आणि ती चिठ्ठ्यांनी होत नाही, हे कळायचं माझं वय नव्हतं.

चिठ्ठी आणणाऱ्यांना आमच्या शाळेत एक काम असायचं, चपलांची राखण. मैदानावर भटकी कुत्री यायची आणि एखादी चप्पल तोंडात धरून पळायची. बाकीच्यांना या कामाचा कंटाळा, जयवंतीने त्यात जीव ओतला. सगळ्या वर्गाच्या चपला ती जोडीने लावायची, सरांच्या ओळींपेक्षा सरळ. बसल्या बसल्या एकेक उलटी करून तळ बघायची. काही महिन्यांत ती नुसत्या तळावरून चप्पल कोणाची ते सांगू लागली. "ही शैला. टाच उचलून चालते, म्हनून पुढे झिजते. तुजी बघ, डावी बाहेरून खाल्लेली. तू आंग टाकून चालतेस, सुमे." मी विचारलं, "आणि तुझी?" तिने स्वतःची चप्पल दाखवली. उजवी टाच आतल्या बाजूने झिजलेली, कारण पाटी ती उजव्या अंगावर तोलायची. ओळीत उभी असताना मला ती चिंचेखाली दिसायची, चपलांकडे मान वाकवून बसलेली. ती मैदानाकडे कधी बघत नसे. पण सरांचा आकडा सुरू झाला की तिचे खांदे वर जायचे आणि तास संपेपर्यंत खाली यायचे नाहीत.

शाळेने तिला बीजगणित शिकवलं, ते ती विसरली. व्याकरण विसरली. पीटीचा तास तेवढा विसरली नाही. मला त्याच तासाने चालायची, पोहायची, डोंगर चढायची गोडी लावली, अगदी खरं सांगते. एकच मैदान, एकच सर, तेच आकडे. मी पहिल्या ओळीत होते म्हणून मला मैदान मिळालं आणि तिला चिंच. सक्तीच्या तासाने पोरं घडतात असं म्हणतात. घडतात, पण काय घडतं ते पोर कुठे उभं होतं त्यावर असतं.

पुढे तिचं गावातच लग्न झालं. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं राजोडीला समुद्रावर यायला लागली तशी तिने घरच्या पडवीत जेवणं सुरू केली. तिच्या हातचं कालवण खायला लोक वाट बघत बसायचे. पाहुणे आत जेवत असले की ही बाहेर येऊन त्यांच्या चपला जोडीने लावायची. प्राजक्ता शाळेत धावायला लागली, बक्षिसंही आणू लागली. तिच्या क्रीडादिनाला मी एकदा मुद्दाम गेले. आईवडिलांच्या खुर्च्यांत जयवंती दिसेना. शोधत बाहेर आले तर ही शाळेच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभी. "आत चल की," म्हटलं. "नको. इथून ऐकू येतं," म्हणाली. आत माईकवर कोणीतरी मोजत होतं आणि तिचे खांदे वर गेले होते.

काही वर्षांपूर्वी पीटीचे सर मला बाजारात भेटले. थकले होते, पण नावानिशी ओळखलं. बोलता बोलता म्हणाले, "ती तुझी चिठ्ठीवाली मैत्रीण कशी आहे?" ते हसले. "अगं, मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. कोणत्या आईचा अंगठा एवढासा असतो?" मी विचारलं, मग बोलला का नाहीत? सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, "तपासणीला ओळ चांगली दिसायची. ती नसली की ओळ चुकायची नाही." मग "चूकच झाली ती," असंही म्हणाले. हे मी जयवंतीला कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी तिची साखर वाढली, हृदयाचंही दुखणं निघालं. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. प्राजक्ताने हौसेने पांढरे बूट आणले. पाऊस सरल्यावर मी तिच्याकडे जेवायला गेले होते, तीच आमची शेवटची भेट. जेवण झाल्यावर तिने बूट उलटे करून दाखवले. "बग, दुकानातून आनले तशेच हायत." बाकाची गोष्ट तिने तेव्हाच सांगितली. बाजूने कोणी पावलं मोजत गेलं तरी पाय जड होतात म्हणाली. मग कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, पेन पुढे केलं आणि हसत म्हणाली, "डाक्टरला चिठ्ठी लिव. जयवंतीच्या पोटात दुखतंय, तिला चालन्यातून सूट द्या."

मला हसू यायला हवं होतं. मला राग आला... काळजीचाच राग, पण राग. मी टाळ्या वाजवल्या आणि सरांच्या आवाजात म्हटलं, "ऊठ, बाई. एक, दोन, तीन, चार. बाकावर बसून साखर उतरत नाही."

तिचं हसू गेलं. पेन तिने बाजूला ठेवलं. "तू पन हसलीस ना त्या दिवशी, सुमे," ती म्हणाली. "पयल्या ओळीत होतीस." चाळीस वर्षांत तिने हे कधी काढलं नव्हतं. तीच पुढे म्हणाली, "चिठ्ठ्या लिवल्यास म्हनून मी बोल्ले नाय." आणि उठून माझ्यासाठी सुके बोंबील बांधायला आत गेली. मी पिशवी घेतली, तिच्या पाठीवर हात ठेवला, रिक्षात बसले. माफी तेवढी मागितली नाही. पुढच्या खेपेला मागू, असं ठरवलं होतं.

तेराव्याला गेले तेव्हा पडवीबाहेर चपलांचा नुसता ढीग पडला होता. आत बायका एकमेकींना सांगत होत्या, "चालता चालता गेली, भाग्याची." मला तिथे बसवेना. बाहेर आले तर मागोमाग प्राजक्ता आली, हातात ते पांढरे बूट. "मावशी, हे कोणाला द्यावेत गं? अजून चांगले आहेत." मी ते घेतले आणि सवयीने उलटे केले. उजवी टाच आतल्या बाजूने झिजली होती. डाव्या तळाची नक्षी पुसट झाली होती, खाचांत वाळू घट्ट बसली होती. मी परत परत बोट फिरवून पाहिलं. बाकापर्यंतच्या जाण्यायेण्याने तळ असा होत नाही.

"शेवटचे दोन महिने तर पार बनाच्या टोकापर्यंत जायची," प्राजक्ता म्हणाली. "तिथल्या बायका सांगतात, तोंडाने मोजत चालायची म्हणे. एक, दोन, तीन, चार, की परत एक. मला वाटतं, पावलं मोजत असेल."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? डॉक्टर म्हणाले होते की दुखणं जुनं होतं, चालण्याचा त्यात दोष नाही. ते खरंच असेल. पण त्या बनात ती कोणाच्या आवाजात मोजत होती, सरांच्या, स्वतःच्या की माझ्या, ते मला कळायला आता वाट नाही. चालताना तिचे खांदे खाली आले होते की वरच होते, हेही कोणाला विचारू? सकाळी मी फिरायला निघते तेव्हा माझीही पावलं त्या आकड्यावर पडायला लागतात आणि मग मला थांबावं लागतं.

प्राजक्ता पानं वाढायला आत गेली. मी पदर खोचला आणि ढिगातली एकेक चप्पल काढून जोड्या लावायला घेतल्या. तिच्याइतकी सरळ ओळ मला जमली नाही. तिचे बूट मी पहिल्या ओळीत ठेवले. मग तिथेच पायरीवर बसले, सगळे जेवून बाहेर येईपर्यंत. राखायला कोणीतरी हवं होतं.