श्रीवर्धनचा फणसांबा

पुण्याहून सकाळची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत ओलं फडकं घातलेला स्टीलचा डबा होता. ताईनं हट्टच धरला होता: श्रीवर्धनचा फणसांबा (फणसाच्या खोडावर वाढणारं आळंबं) आण, तो आला की केमो बंद. तीन केमोंत तिचं तोंड सोलून निघालं होतं. चौथी सोमवारी होती आणि ती जाणार नव्हती. आळंब्यांतल्या काही घटकांवर कर्करोगासाठी संशोधन चालू आहे, काही देशांत त्यांचे अर्क केमोच्या जोडीला देतातही, एवढं आम्ही दोघींनी वाचलं होतं. त्यातलं ‘जोडीला’ ताईनं सोयीस्करपणे गाळलं. तीन दिवस भांडले आणि शेवटी तिकीट काढलं.

ताम्हिणी घाटाच्या वळणांवर डबा मांडीत घट्ट धरून बसले. माणगावला गाडी पंक्चर झाली, त्यामुळे वडापाव मात्र निवांत खाता आला.

श्रीवर्धनला उतरून मी समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“बीचवर न्हाय जायचं?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“फणसांबा हवाय.”

त्यानं मला आरशातून नीट न्याहाळलं आणि सुपारीच्या वाडीतल्या यमुनाकाकींच्या दारात नेऊन सोडलं. गावात फणसांबा ठेवतात त्या याच.

काकी सत्तरीच्या. माझा डबा बघून त्यांना हसू आवरेना.

“बाय, ही काय भाजी हाय?”

फणसांबा निघाला लाकडासारखा टणक, घोड्याच्या खुराएवढा. लहान मुलांचं तोंड आलं की तो सहाणेवर (चंदन उगाळायचा दगड) उगाळून लावतात. पण आधी जेवण. तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी). मी तीन भाकऱ्या हाणल्या आणि जराही लाजले नाही.

“कंच्या दुखन्याला पायजे?” ताक ओतताना काकींनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला.

“माज्या मालकांना तोच झाला व्हता, घशात. वरीसभर मी हाच उगाळून पाजला. डाक्टर मुंबईला न्या म्हनत व्हता. न्हाय नेलं मी. गेले त्ये.”

मी ताकाचा तांब्या त्यांच्या हातातून घेतला.

“पोरांच्या तोंडाला देते,” त्या म्हणाल्या. “त्या रोगाला न्हाय देत. तुला पन न्हाय.”

मी चिडलेच. एवढी हाडं खिळखिळी करून रिकाम्या हातानं परतायचं? “मग ताईला काय सांगू?”

“तू कशाला? मी सांगते. लाव फोन.”

मोबाइल घेऊन त्या सुपारीच्या झाडांत गेल्या. बराच वेळ बोलत होत्या. परत आल्या तेव्हा पदरानं डोळे पुसत होत्या आणि ‘तुजी बहीण सुकट चांगली करते म्हनं’ एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत मला माझा राग उमगला. ताईला वेड्यात काढत होते खरी, पण निम्मी आशा मलाही होतीच. ती सोडताना फार वाईट वाटलं.

ताईनं दार उघडलं. फणसांब्याचं नावही काढलं नाही.

“सोमवारी लवकर निघू या,” ती म्हणाली. “संध्याकाळी काकी फोन करणार आहेत, केमो घेतली का म्हणून विचारायला. त्यांच्याशी कसं गं खोटं बोलायचं?”