कायद्याच्या सात पायऱ्या

पोलीस ठाण्यासमोर रिक्षाची वाट बघत उभी होते. एक बाई आली, पायरीशी चपला काढल्या, दोन पायऱ्या चढली आणि परत उतरली. मनगटाला फडकं गुंडाळलेलं.

हे ठाणं माझंच, म्हणजे नकाशा माझा. तेव्हा मी नवीकोरी आर्किटेक्ट, अक्कल होती ती सगळी पेन्सिलीच्या टोकाला! कायदा उंचावर दिसला पाहिजे म्हणून सात पायऱ्या दिल्या, बाजूला जाडजूड खांब. उद्घाटनाला लोकांनी पायरीशी चपला काढल्या, तर मला वाटलं, वा, काय हा आदर! माणसं भीतीपोटीही चपला काढतात, हे त्या शहाणीला कोण सांगणार? घाबरलेलं माणूस इथे कसं येईल, कुठे टेकेल, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. आठवणीने जागा ठेवली ती माझ्या नावाच्या पाटीला.

बाई पुन्हा चढली, पुन्हा उतरली.

"अगं, जा की आत."

"नको आजी. सगळा बाजार बघतोय."

बघणारच. दार बाजाराच्या तोंडावर मीच काढलं होतं.

मी तिचा बरा हात धरला. "चल, दोघी जाऊ. लोकांना वाटेल, म्हातारीची कोंबडी चोरीला गेली."

ती जराशी हसली. पायरीपायरीला मी माझ्या तरुणपणाला शिव्या घालत वर पोचले.

आत हवालदारबाईंनी आम्हा दोघींकडे बघितलं. "तक्रार कोणाची?"



माझा हात सोडून ती म्हणाली, "माझी."