गेनबाच्या नावेवरचे दिवे

खराडीच्या नदीत मासे धरणारा गेनबा भोई बुधवार पेठेतल्या माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आला. त्याला नावेवर एलईडी लावायचे होते. रात्री उजेडाला चिलापी मासे गोळा होतात म्हणे. मी म्हणालो, "त्या गटारात उजेड पाडून बघणार काय?" मी बॅटरीवर चालणाऱ्या पट्ट्या जोडून दिल्या.

पण त्या काठाला दिव्यांची नाव ती एकच. रात्री कुणी बुडालं की पोलीस चौकीतून फोन गेनबालाच. आणि प्रेत निघालं की त्या डोहात तेराव्यापर्यंत जाळं टाकायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. एकाचं तेरावं होतंय न होतंय, तोवर दुसरं निघायचं. जाळं घरीच पडून राहिलं.

परवा तो पुन्हा आला. "मालक, दिवं काढून टाकावं म्हंतो."

मला चीडच आली. "मग टाका की काढून! निदान फोन तरी थांबतील."

"फोन थांबायचं न्हाईत," गेनबा म्हणाला. "पर अंधारात वर काढलं, की त्यांची तोंडं दिसत न्हाईत."