मुरूडला जाताना शिरढोणला काढलेलं चाक

जानेवारीत तीन सुट्ट्या लागून आल्या आणि मी व बाबांनी मुरूडला जायचं ठरवलं, आमच्या जुन्या जीपने. बाबा एकाहत्तर वर्षांचे. उभा जन्म बसदुरुस्तीत गेला, त्यातच कान अधू झाले. आई गेल्यापासून ते खारघरला माझ्याकडेच असतात. गेल्या वर्षी त्यांनी जीपचं ऑइल बदललं आणि खालचा बोल्ट ढिला राहिला. तेव्हापासून गाडीला हात लावायचा नाही, असं मीच त्यांना सांगून टाकलं होतं. त्यांनी वाद घातला नव्हता.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघालो. पळस्पे फाट्यावरून गोवा रस्त्याला लागलो. काटा चाळीसच्या पुढे गेला की मागून घूंऽऽ असा आवाज येई. आठवडाभर येत होता. आमच्या गॅरेजवाल्याने टायर झिजलेत म्हणून सांगितलं आणि मी मान डोलावली होती. बाबांना तो ऐकूच येत नव्हता. पण थोड्या वेळाने त्यांनी मागे हात घालून तळवा पत्र्यावर टेकवला आणि गाडी जरा डावीकडे, मग उजवीकडे घ्यायला सांगितली. रस्ता मोकळा होता, घेतली. डावीकडे घेताना, म्हणजे भार उजव्या चाकावर आला की, घरघर वाढत होती.

"उजवं मागचं बेअरिंग गेलंय," बाबा म्हणाले. "थांबव."

मी म्हटलं, पेणला चहाला थांबू तेव्हा बघू. आवाज न चढवता त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. शिरढोणजवळ थांबवली. डाव्या चाकाचा मधला भाग कोमट होता, उजव्यावर बोट ठेववेना. रिमच्या आतून तेलाचा ओघळ आलेला.

जवळच हसुराम नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. गाडी हळूहळू तिथवर नेली. आवाजाचं वर्णन ऐकूनच त्याला वाटलं की मागच्या चाकांना फिरवणारा डिफरन्शल गेलाय, दोन दिवस लागतील. बाबांनी त्याला आधी जॅक लावायला सांगितलं. चाक वर-खाली धरून हलवलं तर टकटक वाजलं. ब्रेकचा ड्रम काढला तेव्हा ब्रेकचे लायनर तेलाने भिजलेले. एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, ओढून काढल्यावर बेअरिंग दिसलं, आतले रोलर काळेनिळे, खड्डे पडलेले.

हसुराम ते बोटाने फिरवत राहिला. "काका बोलतात तेच हाय, ताई. तुमी अशाच गेल्या असत्या तर चाक एक्सलसकट बाहेर आला असता."

पुढे काशीदचा घाट होता.

एक्सल रिक्षात घालून आम्ही तिघं पनवेलला परतलो. दोन्ही बाजूंची बदलायची होती, पण दुकानात एकच बेअरिंग मिळालं, म्हणून डावीकडचं पुढच्या महिन्यावर टाकलं. एक्सलवर बेअरिंग यंत्राने दाबून बसवणाऱ्या प्रेसवाल्याने जुनं बेअरिंग धरून ठेवणारी कॉलर ग्राइंडरने कापली आणि नवं बेअरिंग दाबायला घेतलं, तेवढ्यात बाबांनी त्याचा हात धरला. "आधी प्लेट आणि सील." ती चाक आणि बेअरिंगच्या मध्ये बसतात, म्हणून बेअरिंगच्या आधी चढवावी लागतात. राहिली असती तर नवं कोरं बेअरिंग पुन्हा कापावं लागलं असतं. नवे लायनर आणि मजुरी धरून साडेचार हजार झाले.

जेवण हसुरामच्या घरीच झालं, तांदळाची भाकरी आणि सुकट. साडेतीनला निघालो. तुम्ही जाणार असाल तर वडखळच्या गर्दीसाठी तासभर जास्तीचा धरा. रेवदंड्याच्या पुढे रस्ता अरुंद आहे, पण समुद्र सोबत असतो.

काशीदचा उतार उतरताना मी म्हटलं, "बाबा, मी पेणपर्यंत तशीच नेणार होते. चुकलं माझं."

ते समोर बघत राहिले. ऐकू आलं नसेल म्हणून मी मोठ्याने पुन्हा म्हटलं.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं," ते म्हणाले. "पुढे वळण आहे."

मुरूडला दोन रात्री राहिलो. शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो, तिथे बाबा तोफांपेक्षा होडीच्या सुकाणूपाशी जास्त रमले. रविवारी दुपारी घरी पोचलो. किल्ल्याचे फोटो बरे आलेत. पण कुणी विचारलं तर मी आधी पनवेलच्या प्रेसवाल्यासमोर उभ्या असलेल्या बाबांचंच सांगते. तिथे त्यांना एकदाही 'काय?' म्हणून विचारावं लागलं नाही.

फेब्रुवारीत डाव्या बेअरिंगसाठी रजा टाकते म्हटलं, तर बाबा म्हणाले, "रजा कशाला? मी नेतो शिरढोणला."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि कामावर गेले.