बायनाबाईंचं खमीर

आज देवापुढं दिवा लावला, पण हात जोडायला मन धजेना. म्हणून आधी वहीत लिहिते.

बायनाबाई पिंपळगावात आमच्या शेजारच्या दारात राहतात. साठी ओलांडलेली. त्यांचे मालक बिभीषणदादा दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडतात, लेंडीखतासाठी लोकांच्या रानात मेंढ्या बसवतात अन् आठवड्यातून एकदा घरी येऊन शिदोरी नेतात. शिदोरीत गव्हाच्या जाड रोट्या. कालच्या कणकेतला आंबलेला गोळा राखायचा, तो आजच्या कणकेत मळायचा, रात्रभर ठेवून सकाळी भाजायचं. त्या गोळ्याला त्या खमीर म्हणतात. त्याच्या आंबटपणामुळं रोटीला आठ दिवस बुरशी धरत नाही. हे खमीर सासूनं दिलेलं. चाळीस वर्षांत बायनाबाईंनी त्याला एक दिवस उपाशी ठेवलं नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सुनेला घेऊन जालन्याला जाताना त्यांनी खमिराचं गाडगं माझ्या हवाली केलं. "वहिनी, रोज मूठभर पीठ अन् घोटभर पाणी. लेकरू समजा."

माझे संतोषी मातेचे शुक्रवार चालू होते. त्या दिवशी आंबट खायचं नाही, शिवायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी गाडगं उघडलं तर घरभर आंबूस वास. देवी कोपेल म्हणून मी सगळं म्हशीच्या टोपल्यात ओतलं. शेजारी कुणाकडं ठेवता आलं असतं, हे नंतर सुचलं. शनिवारी पीठ अन् दही कालवून गाडगं पुन्हा भरलं. त्या आल्यावर तेच दिलं, अन् बोलले काहीच नाही.

त्यांनी रोट्या करून दिल्या. चौथ्या दिवशी दादांचा फोन आला, तेव्हा मी तिथंच होते. "अगं, रोट्यांवर बुरशी आली. कुत्र्याला टाकल्या. दोन दिवस झाले, शेतमालकाच्या घरी मागून खाऊन राह्यलो."

फोन ठेवून बायनाबाई तळहाताकडं बघत बसल्या. "सासू म्हणायची, हात बिघडला की खमीर मरतंय. माझा हात गेला, वहिनी."

तरी मी गप्प. पुढच्या खेपेलाही रोट्या बिघडल्या. मंग त्यांनी कणकेला हात लावायचंच सोडलं, सून मळू लागली. काल मला ते बघवेना.

"तुमचा हात चांगला आहे," मी म्हणाले. "तुमचं खमीर मी म्हशीला घातलं. दुसऱ्या दिवशी माझा शुक्रवार होता."

त्यांनी गाडग्यात डोकावून बघितलं. मंग म्हणाल्या, "म्हशीनं खाल्लं का?"

"खाल्लं."

"तिला तरी किंमत कळली. देवीला आंबट चालत न्हाई, अन् लबाडी बराबर चालती व्हय?"

त्यांनी उठून परात ओढली अन् नव्या खमिरासाठी त्या स्वतः कणीक मळायला बसल्या. नवं खमीर सासूच्या खमिरासारखं होईल की नाही, त्यांनाही ठाऊक नाही. तोवर दर दोन दिवसांनी ताज्या रोट्या रानात पोचवायच्या. ते काम मी मागून घेतलं.

आज पहिली शिदोरी नेली. दोन कोस चालणं झालं. दादांनी हात धुऊन शिदोरीचं फडकं सोडलं. "तिच्या डोळ्यापायी तुम्हाला तरास, वहिनी. अशी शेजारीण नशिबानं मिळती."

बायनाबाईंनी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. ते जेवेपर्यंत मी थांबले, अन् रिकामं फडकं घेऊन परत आले.