डोळे हलतात, नंबर निघतो

आमच्या वारज्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात औषधांच्या सॅम्पलपेक्षा किस्सेच जास्त साठतात. सॅम्पलना एक्स्पायरी तरी असते!

मी तिथे चष्म्याचे नंबर काढते. त्यातही जन्मापासून ज्यांची बुबुळं सारखी हलतात, त्यांची तऱ्हाच वेगळी. लोकांना वाटतं, डोळाच ठरत नाही तर नंबर कसला? असतो हो, चांगला दणदणीत असतो! फक्त काढणाऱ्याला घाम फुटतो.

*

एका आजींना नंबर काढायच्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. मशीनने तीनदा 'एरर' दाखवला. आजी म्हणाल्या, "अगं, त्याचेच डोळे आधी तपास!"

शेवटी हातातल्या टॉर्चचा उजेड डोळ्यांत पाडून मी नंबर काढला. आजींनी मशीनकडे एकदा पाहिलं. "म्हणजे हा डबा आणला तेव्हा त्याच्यापुढे फोडलेला नारळ फुकट गेला म्हणायचा."

*

यातल्या बऱ्याच जणांचे डोळे मान एका बाजूला वळवली की शांत होतात. सय्यदकाकू तशीच मान वळवून भराभर अक्षरं वाचत होत्या. काकांना ते बघवेना. उठले आणि त्यांनी काकूंची मान सरळ केली.

"आता वाच."

"आता काय वाचू, कपाळ? लग्नापासून हेच चाललंय! हे मान सरळ करतात आणि माझी अक्षरं पळतात!"

आमच्या डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, आपण बाहेर बसा. नंबर काकूंचा काढायचाय."

*

एक डोळा पूर्ण झाकला तर काहींचे डोळे आणखी जोरात हलतात. म्हणून झाकायच्या ऐवजी आम्ही त्या डोळ्यापुढे धूसर दिसेल अशी काच लावतो. एका आयटीवाल्याच्या आईला ते मुळीच पटेना.

"अहो, झाका की! मागच्या डॉक्टरांनी झाकला होता."

"म्हणूनच तुम्ही इथे आलात," मी म्हटलं.

बाई वरमल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तुला काय रे, सगळं जग हलताना दिसतं का?"

"नाही गं! फक्त अप्रेझलच्या महिन्यात."

*

आणि ही ओवी कांबळे. दुसरीतली. वर्गातली पोरं डोळे गरगरा फिरवून तिची नक्कल करायची, म्हणून तिने शाळेत जाणंच बंद केलं होतं. "जगात फक्त माझेच डोळे हलतात!" म्हणून रडायची.

तिचे बाबा येरवड्याच्या एका शाळेत गणित शिकवतात. त्यांचेही डोळे हलतात, अगदी बारीक.

"अगं, माझेही हलतात!" सर परोपरीने सांगत होते.

"खोटं! मला बरं वाटावं म्हणून सांगता तुम्ही."

सर मला हळूच म्हणाले, "मॅडम, मला लहानपणी सांगितलं होतं, चष्म्याचा उपयोग नाही. हिचं तसं नको व्हायला. पोरगी घरीच बसली तर काय करू मी?" मी ओवीला खुर्चीत बसवलं.

नंबर निघाला, चांगला जाड निघाला. चष्मा आला त्या दिवशी ओवीने तो लावला, मान थोडी वळवली आणि आधी माझी टिकली बघितली. मग बाबांकडे पाहिलं. जवळ जाऊन तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"बाबा! तुमचे खरंच हलतात!"

"मग! मी काय सांगत होतो?"

"तुम्हाला शाळेत कोण चिडवतं?"

सर गंभीरपणे म्हणाले, "नववी ब."

ओवीने चष्मा नाकावर नीट बसवला.

"उद्या माझी शाळा सुटली की मी तुमच्या शाळेत येते. कोण ते मला दाखवाच!"